पिनांगला एक घर काढायचं होतं

कुवेतमध्ये अठरा वर्षं काढली की माणसाचे पाय शोभेपुरते उरतात. मंगफ या आमच्या उपनगरात इमारतीजवळचं बकाला, म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, इतकं जवळ आहे की तिथला मालक शिंकला तर आम्हाला चौथ्या मजल्यावर ऐकू येतं. तरी मी गाडी काढतो. एसी गार व्हायच्या आत दुकान येतं. मग उतरायचं नाही, हॉर्न द्यायचा. आतून कोणी तरी धावत बाहेर येतं, आपण काच दोन बोटं खाली करायची, त्या फटीतून “पाणी, खुबूस रोटी, एक करक चहा” एवढं सांगायचं आणि काच पुन्हा वर. माल गाडीत येतो. मला त्यात काही विशेष वाटत नाही. इथे सगळेच असं करतात. उन्हाळ्यात बाहेरचा वारा अंगावर आला की कोणी तरी भट्टीचं तोंड आपल्याकडे केल्यासारखं वाटतं, तिथे उतरणार कोण?

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे पिनांगच्या भर गल्लीत मी जे केलं त्याला एवढंच काय ते स्पष्टीकरण आहे. समर्थन नाही.

माझी बायको इथल्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवायची. ‘शिकवायची’ म्हणताना अजून जीभ अडखळते. गेल्या हिवाळ्यात धुळीचं वादळ येऊन गेलं, दुसऱ्या दिवशी इमारतीच्या राखणदाराने जिना धुवायला घेतला, आणि ही भाजीच्या पिशव्या घेऊन वर येताना ओल्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट. प्लॅस्टर झालं, पट्टी बसली, व्यायाम झाले. हाड छान जुळलं असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. ती कणीक मळायची, बरणीची झाकणं उघडायची, माझ्याकडे बोट रोखून भांडायची. पण हातात पेन्सिल घेतली की रेघ थरथरायची. आडवी रेघ काढायला जावी तर खाडीच्या पाण्यासारखी हलायची. डॉक्टर म्हणाले, सवयीने जाईल. तिने दोनदा प्रयत्न केला, कागद फाडला आणि रंगांची पेटी कपाटात वरच्या फळीवर, जिथे आम्ही न लागणारी भांडी ठेवतो तिथे, ठेवून दिली.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या सुमाराला शाळेतल्या सुपरवायझर मॅडमचा निरोप आला. फार सभ्य होता. सुट्टी संपायच्या आत कळवा, तुम्ही येणार की आम्ही दुसऱ्या टीचर बघू.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून मी सिंगापूरहून निघणाऱ्या एका क्रूझचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. वाटेत एक दिवस जहाज मलेशियातल्या पिनांगला थांबणार होतं. जॉर्जटाऊन नावाचं तिथलं जुनं बंदराचं गाव हिने प्लॅस्टरमध्ये पडल्यापडल्या फोनवर कितीदा तरी पाहिलं होतं. एकाला एक चिकटलेली दोन मजली घरं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि वरच्या मजल्याला लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या.

निरोप आला त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, “मी त्या गावात एक घर काढणार. नीट बसून, एकच. जमलं तर शाळेला हो कळवीन. नाही जमलं तर नाही. आणि मग तो विषय आपल्या घरात परत काढायचा नाही.”

“अगं, एका चित्रावर कोणी एवढं—”

“अहो, मी तुमचं मत विचारलं का?”

नव्हतं विचारलं.

आता यातलं अवघड काय होतं? नवऱ्याने फक्त गप्प राहायचं होतं. पण मी आमच्या मित्रमंडळाच्या सहलींचा कायमचा प्रमुख. शुक्रवारी वफ्राच्या शेतांवर दहा गाड्यांचा ताफा न्यायचा, पोह्याचा डबा कोणाच्या गाडीत, चटया कोणाच्या, पोरं कोणाची कोणाच्या गाडीत बसली, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. नोकरीतही मी तेच करतो. तेलाच्या कारखान्यात एखादं युनिट दुरुस्तीला बंद ठेवतात तेव्हा कोणत्या तासाला कोणता नट उघडायचा हे मी ठरवतो. मोकळा वेळ दिसला की मला त्यात काही तरी भरावंसं वाटतं. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. ती कोऱ्या कागदासमोर बसेल आणि रेघ पुन्हा हलेल, त्या क्षणाला मी शेजारी असेन आणि मला काहीही करता येणार नाही. म्हणून मी तो क्षण कार्यक्रमाखाली गाडून टाकायचं ठरवलं. आठ ठिकाणं काढली. मंदिरं, संग्रहालय, भिंतींवरची चित्रं, पाण्यात खांबांवर बांधलेली वस्ती.

पुण्याला कॉलेजात असलेल्या मुलीला मी फोनवर तो कार्यक्रम उत्साहाने वाचून दाखवला. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीतच देते. म्हणाली, “बाबा, प्लीज. डोन्ट प्लॅन एनीथिंग.”

मी म्हटलं, बरं. आणि एक ठिकाण वाढवलं.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं तेव्हा बायको आंघोळ करून, खांद्याला पिशवी लावून डेकवर उभी होती. समोर लाल कौलांचं बुटकं गाव, त्यामागे उंच इमारती, त्यामागे हिरवागार डोंगर. पिशवीत वरच्या फळीवरून उतरलेली रंगांची पेटी होती.

“चला,” ती म्हणाली.

मी फोन पुढे केला. “आधी जरा फिरून घेऊ. म्हणजे गावाचा आवाका कळेल.”

“मला आवाका नकोय. मला घर हवंय.”

“घरं काय, पळून जाणारेत का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की पंचवीस वर्षांत मी जे जे पळून जाऊ दिलं त्याची यादी तिच्या डोळ्यांसमोरून सरकली असावी.

बंदराच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्याच्या पलीकडे ते जुनं गाव सुरूच होतं. जहाजातले बाकीचे लोक टोप्या घालून, हातपाय हलवत चालत निघाले होते. मी फोनवरून टॅक्सी मागवली.

एक छोटी पांढरी गाडी आली. मी सवयीने उजवीकडचं दार उघडलं, बसण्यासाठी वाकलो, आणि मोगऱ्याचा वास आला. कुवेतला स्टिअरिंग डावीकडे असतं. इथे उजवीकडे होतं, आणि त्याच्यामागे केसांत गजरा माळलेली एक तमिळ बाई बसली होती. मी जवळजवळ तिच्या मांडीवर टेकलो होतो.

“बॉस, तुम्ही चालवणार?” ती इंग्रजीत म्हणाली. “चालवा. मी मागे झोपते. कालपासून झोप नाही.”

मागच्या सीटवरून बायको सकाळपासून पहिल्यांदा हसली. माझ्या फजितीचा एवढा तरी उपयोग.

डावीकडून शिरून मी बाईंना नऊ ठिकाणं दाखवली. त्यांनी फोन हातात घेतला, वर-खाली केला आणि परत दिला. “बॉस, हे सगळं चालत बघायचं असतं. गल्ल्या बारीक. सगळ्या एका बाजूच्या.”

“आम्ही कुवेतहून आलोय,” मी म्हणालो. ज्या आवाजात लोक ‘मला हृदयाचा त्रास आहे’ म्हणतात, त्या आवाजात मी हे म्हणालो. बाईंनी मान डोलावली आणि गाडी सुरू केली.

पुढची सकाळ कशी गेली ते मी थोडक्यात सांगतो, कारण ती खरंच थोडक्यात गेली. एका चिनी मंदिरात छतापासून उदबत्तीची वेटोळी लोंबत होती, जिलबीसारखी, पण टोपलीएवढी. बायको मान वर करून बघत असतानाच मी ‘चला’ म्हणालो. भिंतीवरच्या एका चित्रापुढे फोटोसाठी रांग होती, मी रांगेत उभा राहिलो, नंबर आला तेव्हा फोनची मेमरी भरली होती. पाण्यातल्या वस्तीत लाकडी फळ्यांच्या वाटेवर मी समोरून येणाऱ्या सायकलला जागा द्यायला बाजूला झालो आणि एका घराच्या वाळत घातलेल्या मासळीत हात घातला. मग संग्रहालय, ते बंद होतं. मग पुन्हा गाडी, पुन्हा एकेरी गल्ल्या. एका देवळापुढून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी पुजाऱ्याने ओळख दाखवली.

आणि सगळा वेळ मागच्या काचेतून ती घरं सरकत होती. पिवळी, निळी, पोपडे निघालेली. दुकानांपुढे पडवीसारखी सलग छाया, घराघरांतून आरपार जाणारी, तिथे लोक खुर्च्या टाकून बसलेले. बायको मधूनच म्हणायची, “इथे.” तोवर गाडी पुढे गेलेली असायची.

“पुढे याहून चांगली आहेत,” मी म्हणायचो. त्या गावात मी आयुष्यात पहिल्यांदा आलो होतो.

चौथ्या की पाचव्या ‘इथे’नंतर ती ‘इथे’ म्हणायची थांबली. पिशवी मांडीवरून खाली पायाशी गेली. मी आरशात पाहिलं. तिचे डोळे बाहेर होते, पण बघत नव्हते. तसे डोळे मी प्लॅस्टरच्या दिवसांत पाहिले होते. ती आता ठरवत होती. मी तिला चित्र काढायला बसूच न दिल्यामुळे उत्तर आपोआप ‘नाही’ होणार होतं, आणि बिचारीला मनगटाला दोषसुद्धा देता येणार नव्हता.

“तहान लागली,” ती म्हणाली. “जहाजावर परत जाऊ या का?”

जहाज सुटायला अजून बराच अवकाश होता. “आधी चहा पिऊ,” मी घाईने म्हणालो. “एक चहा. मग बघू.”

बाईंनी एका अरुंद गल्लीत गाडी थांबवली. डाव्या हाताला पडवीखाली चहाचं दुकान होतं, संगमरवरी माथ्याची गोल टेबलं, दोनचार म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाई म्हणाल्या, “इथला चहा चांगला. जा.”

मी बसून राहिलो.

“जा ना, बॉस.”

“हॉर्न द्या.”

“कशाला?”

“चहावाला येईल ना.”

“कुठे येईल?”

“गाडीपाशी.”

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. “बॉस, तो कशाला येईल? त्याला पाय आहेत तसे तुम्हालाही आहेत. इथे हॉर्न दिला की लोक भांडायला येतात.”

मला वाटलं, या बाईंना गिऱ्हाइकाचं महत्त्व कळत नाही. शिवाय मागे बायको तहानलेली, तिचं मन जहाजाकडे निघालेलं, माझ्या हातून सकाळ गेलेली, काही तरी एक गोष्ट झटपट आणि माझ्या पद्धतीने व्हायला हवी होती. मी हात लांब केला आणि स्टिअरिंगवर दाबला. दोन छोटे, एक लांब. मंगफला याचा अर्थ ‘नेहमीचं’ असा होतो.

ती गल्ली किती शांत होती ते मला तो लांब हॉर्न संपल्यावर कळलं. वर्तमानपत्रं खाली झाली. कुठलंसं मांजर उडी मारून गेलं. बायकोने पदर नसताना पदर तोंडावर घेतल्यासारखा हात घेतला. चहाच्या दुकानातून कोणीही आलं नाही. पण समोरच्या घराचं अर्धं दार धाडकन उघडलं आणि आतून गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीतले एक चिनी आजोबा गॅसचा रिकामा सिलिंडर गडगडवत बाहेर आले.

त्यांनी सिलिंडर गाडीला टेकवला, डिकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“गॅस कुठाय?”

“कुठला गॅस?” मी म्हणालो.

“हॉर्न तू दिलास?”

“हो. चहासाठी.”

“मी सकाळपासून गॅसवाल्याची वाट बघतोय. भात चढवायचाय. तू हॉर्न दिलास आणि गॅस आणला नाहीस?”

“सॉरी. आम्ही कुवेतहून आलोय.”

“कुवेत?” आजोबा भडकले. “तिथे तर जमिनीखाली सगळा गॅसच आहे, आणि तू रिकाम्या हाताने आलास?”

बाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होत्या, म्हणजे पुन्हा हॉर्न वाजला. त्या आवाजात मागचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तर सीट रिकामी. बायको गल्लीच्या मधोमध उभी होती आणि मान वर करून आजोबांच्या घराकडे बघत होती.

कधी काळी निळा असेल असा रंग. तो इतक्या वेळा उडाला होता, इतक्या वेळा वर लावला होता की भिंतीवर ढग आल्यासारखं वाटत होतं. वरच्या मजल्यावर ओळीने तीन उंच खिडक्या, हिरव्या पट्ट्यांच्या. एका झडपेची खालची पट्टी निसटून तिरकी लोंबत होती. कौलांच्या कडेला कुठून तरी पिंपळाचं रोप फुटलेलं.

“अहो,” ती म्हणाली, “माझी पिशवी द्या.”

पिशवी घेऊन मी गाडीतून उतरलो. त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपणाचं काम. बाईंना म्हणालो, तुम्ही मोकळ्या, नंतर फोन करू. त्या जाताना म्हणाल्या, “बॉस, हॉर्नला हात लावू नका हं कोणाच्या.”

चहाच्या दुकानातलं कडेचं टेबल, बरोबर घरासमोरचं, तिने घेतलं. भात चढत नाही म्हटल्यावर आजोबाही तिथेच आले आणि आमच्या टेबलावर बसले. मी त्यांना चहा पाजणं ही शिक्षा त्यांनी परस्पर ठरवून टाकली होती. कागद बाहेर आला. पेन्सिल आली. तिने उजवा हात एकदा झटकला, श्वास घेतला आणि भिंतीची उभी कड काढायला सुरुवात केली.

रेघ हलली.

मी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तिने कागद उलटला. पुन्हा कड. या वेळी अर्ध्यावर हात थांबला, आणि थांबला तिथे पेन्सिलीचा एक काळा ठिपका झाला.

“चांगली आलीय की,” मी म्हणालो.

तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“नाही म्हणजे, जुनं घर आहे, कड कुठे सरळ आहे त्याची? आणि इथे थोडं वारंही आहे. टेबल हलतंय का? थांब, खाली कागदाची घडी घालतो. चहा आधी पितेस का? की—”

“हे घ्या.” तिने वहीतला एक कागद टर्रकन फाडून माझ्यापुढे आपटला आणि वर एक पेन्सिल ठेवली. “तुम्ही काढा. म्हणजे तोंड तरी बंद राहील.”

मी काढलं. शाळेत काढायचो तसं. चौकोन, वर त्रिकोण, दोन खिडक्यांत फुली, मधे दार. मग जागा उरली म्हणून मागे दोन डोंगर आणि डोंगरांत सूर्य. आकाशात चार ‘एम’ काढून पक्षीही उडवले. आजोबा माझ्या खांद्यावरून बघत होते. ते हळू आवाजात म्हणाले, “हे माझं घर आहे?”

बायकोने मान वळवली. कागदाकडे पाहिलं. आणि तिच्या कपाळाला एक आठी पडली, जी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

“डोंगर कुठेत इथे?”

“मागे आहेत ना. जहाजावरून दिसले.”

“इथून दिसतायत? इथे बसून दिसतायत का तुला?”

तुला! पंचवीस वर्षं या बाईने मला ‘अहो’शिवाय हाक मारलेली नाही. मी आपोआप पाठ ताठ केली.

“नाही.”

“मग काढले कशाला? डोक्यातलं काढायचं नाही. आधी बघ, मग काढ. खिडकी बघ. फुली आहे तिथे? पट्ट्या आहेत ना? किती छोट्या छोट्या पट्ट्या आहेत, एकेक मोज. आणि अशी एका झटक्यात रेघ नाही ओढायची, हात पळवू नकोस. हे बघ.” तिने माझी पेन्सिल घेतली, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि माझ्या सूर्याच्या पोटात एक छोटीशी आडवी रेघ काढली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. “छोटी, छोटी, छोटी. मनगट हलवायचंच नाही, बोटांनी काढायचं. कळलं?”

“हो, मिस.”

आजोबा म्हणाले, “मलाही कागद दे.”

तिने दिला. आजोबांनी घर काढलंच नाही. त्यांनी सिलिंडर काढला, आणि तो माझ्या घरापेक्षा पुष्कळ चांगला होता. तिने त्यांनाही सोडलं नाही. “सावली कुठे पडलीय त्याची? सावली काढा. नाही तर तो हवेत तरंगेल.” आजोबा तोंड उघडून सिलिंडरकडे बघू लागले. गेली कित्येक वर्षं ते त्या सिलिंडरला सावली असते हे विसरून जगत होते.

मग ती स्वतःच्या कागदाकडे वळली. भिंतीची कड तशीच सोडली, ठिपक्यासकट. वरच्या मजल्यावर गेली. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलेलंच होतं. पट्टी. खाली पट्टी. खाली पट्टी. पट्ट्या इतक्या छोट्या होत्या की हात थरथरायच्या आत त्या संपत होत्या. तिसऱ्या खिडकीशी ती आली तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो होतो. ती मधेच मान वर करायची, एक डोळा मिटायची, पेन्सिल आडवी धरून माप घ्यायची. मी चुकून तिच्या कागदाच्या कडेला कप ठेवला तर न बघता म्हणाली, “कप उचल.” मी उचलला.

रंग लावला तेव्हा भिंत आपोआप ढगाळ झाली, कारण ब्रश हलला. तो हललेला तिने तसाच ठेवला. त्या भिंतीला तो शोभून दिसला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी मत दिलं नाही. माझ्या हिशोबात ही त्या दिवसाची सर्वांत मोठी कामगिरी.

शेवटी टॅक्सीवाल्या बाईंचाच फोन आला. जहाजाचे लोक परत निघालेले त्यांनी पाहिले होते आणि आम्ही मागे राहू अशी त्यांना काळजी वाटली होती. का वाटली असेल, मी विचारलं नाही. बायको कागद उचलून लांब धरून बघत होती.

“छप्पर राहिलं,” ती म्हणाली.

आजोबांनी हात पुढे केला. त्यांना चित्र बघायचं होतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग वर घराकडे, मग पुन्हा कागदाकडे. निसटलेल्या तिरक्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, “ही मी उद्या ठोकणार होतो.” मग म्हणाले, “हे मला दे. दारात लावतो.”

माझी बायको कोणाला नाही म्हणत नाही. शेजारणीला कढई, मैत्रिणीला ओढणी, काहीही देऊन टाकते. मी मनातल्या मनात चित्र गेलंच असं धरलं.

“नाही देणार,” ती म्हणाली. “हे मला शाळेत लागणारे.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती ब्रश पाण्यात खळबळत होती, जणू काही विशेष बोललीच नव्हती.

“त्याचं घेऊन जा हवं तर,” ती आजोबांना म्हणाली आणि माझ्या कागदाकडे मान उडवली. आजोबांनी माझे डोंगर, सूर्य आणि चार पक्षी पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी अतिशय आदराने तो कागद माझ्या दिशेला सरकवला.

गाडीत बसल्यावर, या वेळी डावीकडून, मी मागे वळून विचारलं, “मग? शाळेला काय कळवणार?”

“कळवलं,” ती म्हणाली. “तुम्ही चप्पल शोधत होता तेव्हा.” माझी चप्पल टेबलाखाली मांजराने ओढून नेली होती, ती एक वेगळीच गोष्ट आहे.

“काय लिहिलंस?”

“येते म्हणून. पण मला सातवीचे वर्ग द्या, पहिलीदुसरी नकोत, असं लिहिलं. लहान पोरांचे हात माझ्यापेक्षा स्थिर असतात, लाज जाईल.”

टॅक्सीवाल्या बाईंना मराठी येत नव्हतं. तरी त्या हसल्या.

आता शाळा सुरू होऊन काही आठवडे झालेत. मनगटाचं म्हणाल तर लांब रेघ अजूनही हलते. संध्याकाळी दुखतं, मग मी तेल गरम करून देतो आणि ते माझ्याच हातावर सांडतो. पण सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधी ती रंगांची पेटी घेऊन खाली जाऊन उभी असते. पेटी कपाटात वर जात नाही, डायनिंग टेबलावरच असते, आणि भाजीची वाटी ठेवायला जागा नसते. तक्रार करायची सोय नाही.

ते चित्र तिने सातवीच्या वर्गात फळ्याला चिकटवलं. एका मुलाने विचारलं, “मिस, वेअर इज द रूफ?”

“राहिलंय,” ती म्हणाली. “तुम्ही काढा. प्रत्येकाने आपापलं.”

ते तीसेक कागद तिने घरी तपासायला आणले. मी तिच्या शेजारी बसून पाहिले, हात मागे बांधून. पिनांगच्या त्या निळ्या घरावर बहुतेक पोरांनी सपाट गच्ची काढली होती. गच्चीवर पाण्याच्या पांढऱ्या टाक्या, एसीचे डबे, आणि आकाशाकडे तोंड केलेल्या पाचपाच डिश अँटेना. सगळं खिडकीतून बघून काढलेलं. एकीने मात्र कौलं काढली होती, हळूहळू, एकेक, छोट्या छोट्या रेघांनी. अर्धीच झाली होती. खाली तिने लिहिलं होतं, मिस, उद्या पूर्ण करू का?

बायकोने लाल पेनाने, किंचित हललेल्या अक्षरात, लिहिलं, ‘हो.’